आंबट विहिरीतलं पोलाद

मशीन डिझाइनच्या पेपरात आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो. ताण जास्त येतोय? मग जास्त ताकदीचं स्टील घ्या. टेबलमधून वरची ग्रेड उचलली, फॅक्टर ऑफ सेफ्टी वाढला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. हा हिशोब पुलाला चालतो, क्रेनच्या दोरखंडाला चालतो, बहुतेक ठिकाणी चालतो. पण काही तेलविहिरींमध्ये तो साफ उलटा पडतो. तिथे ताकदवान स्टील काही दिवसांत, कधीकधी तर काही तासांत काचेसारखं फुटतं आणि त्याच विहिरीत मऊ, 'कमजोर' स्टील वर्षानुवर्षं टिकतं.

हा धडा जगाला कुठे मिळाला ते आधी पाहू. डिसेंबर १९५१. नैऋत्य फ्रान्समध्ये लाक नावाचं एक गाव आहे. तिथे थोड्या खोलीवर तेल सापडलं होतं, म्हणून आणखी खाली काय आहे ते पाहायला एक विहीर खोदली जात होती. सुमारे साडेतीन किलोमीटरवर प्रचंड दाबाचा वायू लागला आणि विहीर उसळली. ती काबूत यायला पुढचं वर्ष उजाडलं. वायूची तपासणी केली तेव्हा त्यात साधारण १५ टक्के हायड्रोजन सल्फाइड निघाला, शिवाय कार्बन डायऑक्साइड वेगळाच. साठा अवाढव्य होता, पण तो वर आणायचा कशातून? विहिरीत वापरायच्या नेहमीच्या मजबूत पोलादी नळ्या या वायूत तडकत होत्या. साठा सापडला १९५१ साली आणि नियमित उत्पादन सुरू झालं १९५७ साली. मधल्या वर्षांतलं एक मोठं काम होतं या वायूत टिकणारं पोलाद शोधण्याचं. त्याच सुमारास कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या वायूविहिरींमध्येही नळ्या अशाच तुटत होत्या.

ज्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो त्याला तेलवाले 'आंबट' म्हणतात आणि नसेल तर 'गोड'. चव घेऊन पाहायची सोय नाही! सडक्या अंड्याचा वास ही त्याची ओळख, पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं वायू गेला, आणि तो असतो तिथेच. हजार पीपीएमला एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. २३ डिसेंबर २००३ रोजी चीनच्या चोंगछिंग भागात काइशियान इथे आंबट वायूची विहीर ड्रिलिंग चालू असताना उसळली आणि २४३ माणसं गेली. तो अपघात नळीला तडा जाऊन झालेला नव्हता. पण अशा विहिरीत एक नळी तुटली तर बाहेर काय येतं, हे कळायला तेवढं उदाहरण पुरे आहे.

आपल्याकडेही हा वायू आहे. वसईसमोरच्या अरबी समुद्रात १९७६ साली सापडलेलं बेसिन क्षेत्र (वसईचंच हे जुनं इंग्रजी नाव) आंबट वायूचं आहे. तो समुद्रतळावरच्या नळीतून गुजरातेत हाजिऱ्याला जातो, तिथे त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढून तो 'गोड' केला जातो आणि मग पुढे पाठवला जातो. म्हणजे हाजिऱ्याच्या आधीचं सगळं पोलाद आंबट वायूच्या सहवासात राहणारं.

जोडी जमू न देणारा वायू

आता हा वायू पोलादाला नेमकं करतो काय? वायूबरोबर पाणी असेल तरच पुढची गोष्ट घडते, कोरड्या वायूत नाही. हायड्रोजन सल्फाइड पाण्यात विरघळतो, पाणी आम्लधर्मी होतं, लोखंड गंजायला लागतं. गंजण्याच्या क्रियेत पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी दोन अणू एकत्र येऊन रेणू बनतो आणि बुडबुडा होऊन निघून जातो. पण सल्फाइड ही जोडीच जमू देत नाही. मग बिनजोडीचे अणू करणार काय? ते इतके लहान असतात की सरळ पोलादाच्या जाळीत शिरतात.

आत शिरलेला हायड्रोजन सगळीकडे सारखा पसरत नाही. जिथे खेच जास्त, म्हणजे एखाद्या खाचेच्या किंवा बारीक तड्याच्या टोकापाशी, तिथे तो जमतो. तिथे लोखंडाच्या अणूंची आपसातली पकड सैल होते की तिथलं प्लॅस्टिक डिफॉर्मेशन एकाच जागी एकवटतं, यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत. परिणाम मात्र एकच. जे पोलाद टेन्साइल टेस्टमध्ये छान मान बारीक करून, कप आणि कोन दाखवून तुटलं असतं, ते यील्ड पॉइंटच्या खूप खालीच, काहीही न लांबता, कटकन तुटतं. जाडी कमी झालेली नसते, गंजही फारसा दिसत नाही. याला म्हणतात सल्फाइड स्ट्रेस क्रॅकिंग. पुढे आपण त्याला नुसतं 'तडकणं' म्हणू.

आणि किती वायू लागतो यासाठी? पूर्वापार पाळली जाणारी मर्यादा ०.३ किलोपास्कल आंशिक दाबाची आहे. विहिरीत ३५ मेगापास्कल दाब असेल (मध्यम खोलीच्या विहिरीत तो सहज असतो), तर त्यात फक्त १० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड पुरे. ३५,००० किलोपास्कलला दहा लाखांनी भागा, दहानं गुणा, ०.३५ येतं. मर्यादा ओलांडली! लाकला दाब ६०० बारच्या वर होता आणि वायू १५ टक्के. म्हणजे आंशिक दाब ९० बार, मर्यादेच्या तीस हजार पट.

मग मऊ स्टीलच का नाही वापरत?

चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सनं देता येतं. वायू वर आणणारी नळी, म्हणजे ट्युबिंग, विहिरीच्या तोंडाशी टांगलेली असते. सगळं वजन वरच्या टोकावर. त्या टोकाला येणारा ताण म्हणजे घनता गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले लांबी. गंमत अशी की यात नळीची जाडी येतच नाही. जाड नळी घ्या, क्षेत्रफळ वाढतं तसं वजनही वाढतं, ताण तेवढाच. ३५०० मीटरला ७८५० × ९.८१ × ३५०० म्हणजे जवळजवळ २७० मेगापास्कल. जे-५५ नावाची मऊ ग्रेड आहे, तिची किमान यील्ड स्ट्रेंग्थ ३७९ मेगापास्कल. म्हणजे आत दाबाचा एक पास्कलही नसताना ७१ टक्के ताकद नुसतं स्वतःला सांभाळण्यात खर्च! ५००० मीटरला ताण होतो ३८५ मेगापास्कल, म्हणजे हवेत टांगली तर जे-५५ ची नळी स्वतःच्या वजनानंच कायमची ताणली जाईल. विहिरीत द्रव असला की थोडी उचल मिळते, पण शेकडो बारचा आतला दाबही असतोच.

तेव्हा खोल विहिरीला ताकद हवीच. आणि ताकद वाढवली की तडकण्याची भीती वाढते. इकडे आड तिकडे विहीर, इथे तर अक्षरशः. या विषयातलं सगळं संशोधन या चिमटीतून वाट काढण्यासाठी झालेलं आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याला वाटेल की सर्वांत धोकादायक जागा विहिरीच्या तळाशी, जिथे दाब आणि तापमान दोन्ही जास्त. पण हे तडकणं सर्वांत वाईट असतं ते नेहमीच्या तापमानाला, वीस-पंचवीस अंशांच्या आसपास. खूप तापलं की हायड्रोजन एका जागी ठाण मांडून बसत नाही. त्यामुळे पी-११० सारखी ताकदवान ग्रेड, जी आंबट विहिरीच्या वरच्या थंड भागात अजिबात चालत नाही, तीच ८० अंशांपेक्षा कायम गरम राहणाऱ्या खालच्या भागात चालते. थंड कुठे असतं? वर. वजनाचा ताण सर्वांत जास्त कुठे? वरच! आणि विहीर बंद केली किंवा दुरुस्तीसाठी तिच्यात थंड द्रव सोडला की खालचा भागही गार होतो. म्हणून 'कायम गरम' हे शब्द डिझाइन करणाऱ्यानं नीट तपासून घ्यायचे असतात.

बावीसचा आकडा

वीसेक वर्षांच्या अनुभवावरून १९७५ साली अमेरिकेतल्या नेस या गंजतज्ज्ञांच्या संस्थेनं एमआर ०१७५ नावाचं मानक काढलं. २००३ साली ते आयएसओ १५१५६ या आंतरराष्ट्रीय मानकात सामील झालं. (ती संस्था २०२१ पासून दुसऱ्या एका संस्थेत मिसळून अँप या नावानं काम करते.) त्यातला एक नियम या क्षेत्रातला माणूस झोपेतही सांगेल. साध्या आणि लो अलॉय पोलादाचं काठिण्य रॉकवेल सी २२ च्या वर जाऊ देऊ नका.

नियम सोपा आहे, मोजायलाही सोपा. तुमच्याकडे रॉकवेल मशीन असलं की झालं. पण खोलात गेलं की एक विसंगती दिसते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ५सीटी या मानकात टी-९५ नावाची ग्रेड आहे, किमान यील्ड ६५५ मेगापास्कल. आंबट विहिरीत ती कुठल्याही तापमानाला चालते. तिच्या काठिण्याची मर्यादा मात्र २५.४! आणि दुसरीकडे वेल्डशेजारचा एखादा भाग किंवा चुकीची हीट ट्रीटमेंट झालेली नळी काठिण्यात बसूनही तडकू शकते. बावीस हा आकडा खोटा नाही, पण तो तापमापीसारखा आहे. ताप मोजतो, आजार कोणता ते सांगत नाही. खरं उत्तर मायक्रोस्कोपखाली आहे.

लोहाराचं पाणी

आपल्या गावचा लोहार कोयता लाल तापवून पाण्यात बुडवतो, त्याला 'पाणी देणं' म्हणतात. आपण त्याला क्वेंचिंग म्हणतो. तापलेलं ऑस्टेनाइट झटकन थंड झालं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि मार्टेन्साइट तयार होतं, अतिशय कडक आणि आतून ताणलेलं. आंबट वायूत सर्वांत वाईट रचना हीच, टेंपर न केलेलं मार्टेन्साइट. हायड्रोजन मिळाला की ते जवळजवळ वाट पाहत असल्यासारखं फुटतं.

आणि तरीही सर्वांत चांगली रचना याच मार्टेन्साइटपासून बनते. तेच पोलाद परत ६५० अंशांच्या वर नेऊन पुरेसा वेळ ठेवलं, की कार्बन बाहेर पडून बारीक, गोल कार्बाइड कण बनतात आणि मूळची सुईसारखी रचना मऊ होते. हे भरपूर टेंपर केलेलं मार्टेन्साइट. यात कार्बाइडचे कण सगळीकडे सारखे विखुरलेले असतात, हायड्रोजनला अडकायला लाखो छोट्या जागा मिळतात आणि एकाच जागी तो फार जमत नाही. तड्याला सरळ धावायला लांबच लांब ठिसूळ वाटही मिळत नाही.

याउलट नुसतं हवेत थंड केलेल्या पोलादात फेराइट आणि पर्लाइटचे पट्टे असतात. पर्लाइटमधल्या सिमेंटाइटच्या पट्ट्या आणि हे थर तड्याला आयता रस्ता देतात. कमी ताकदीला ते चालून जातं, जे-५५ असंच असतं. पण त्याच रचनेत ताकद वाढवत नेली की ती लवकर हार मानते. वरचं बेनाइट, म्हणजे जास्त तापमानाला बनणारं खरबरीत बेनाइट, मध्येच कुठेतरी. एकाच यील्डची दोन पोलादं घ्या, एक पूर्ण मार्टेन्साइट करून टेंपर केलेलं, दुसरं मिश्र रचनेचं. आंबट द्रावणात पहिलं जास्त ताण सोसतं. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष माझ्या मते हाच आहे.

आता खरी अडचण इथे आहे. नळीची भिंत पंधरा-वीस मिलिमीटर जाड असेल तर पाण्याचा फवारा बसतो तो पृष्ठभाग झटकन थंड होतो, भिंतीचा मधला भाग सावकाश. बाहेर मार्टेन्साइट, मध्ये बेनाइट. त्यानंतर टेंपर केलं की दोन्हींचं काठिण्य जवळजवळ सारखं येतं! रॉकवेल मशीनला फरक कळत नाही. विहिरीत मात्र कळतो.

म्हणून टी-९५ आणि तिची धाकटी बहीण सी-९० यांच्यासाठी मानकात एक सुंदर अट आहे. टेंपर करायच्या आधी, नुसतं क्वेंच केलेल्या नळीचं काठिण्य भिंतीच्या पूर्ण जाडीत मोजायचं आणि ते एका सूत्रापेक्षा कमी नसावं. किमान रॉकवेल सी = ५८ × कार्बनची टक्केवारी + २७. समजा कार्बन ०.२८ टक्के. ५८ × ०.२८ म्हणजे १६.२४, अधिक २७, म्हणजे ४३. मधल्या भागातही ४३ भरलं तर तिथे निदान ९० टक्के मार्टेन्साइट आहे असं धरायचं. म्हणजे बघा, शेवटी जी नळी २५ च्या आत मऊ हवी, तिला आधी ४३ च्या वर कडक व्हावं लागतं. आधी कडक न झालेलं पोलाद नंतर नीट मऊ होत नाही. टेंपरिंगचं किमान तापमानही ठरवून दिलेलं आहे, एल-८० ला ५६६ अंश, सी-९० ला ६२१, टी-९५ ला ६४९.

पोलादाची कुंडली

आता रासायनिक घटकांकडे येऊ. एन-८० किंवा पी-११० या ग्रेडची अट वाचली तर गंधक आणि फॉस्फरस सोडून फारसं काही लिहिलेलंच नसतं. ताकद आणा, कशीही आणा. टी-९५ ची कुंडली मात्र सविस्तर आहे. कार्बन ०.३५ पर्यंत, मँगनीज १.२० पर्यंत, क्रोमियम ०.४० ते १.५०, मॉलिब्डेनम ०.२५ ते ०.८५, निकेल ०.९९ पर्यंत, फॉस्फरस ०.०२० आणि गंधक ०.०१० च्या आत, सगळे टक्के. प्रत्येक आकड्यामागे कारण आहे, पण सगळ्यांना सारखाच वेळ देण्याची गरज नाही.

नायक आहे मॉलिब्डेनम. तो दोन कामं करतो. क्रोमियमच्या जोडीनं हार्डनेबिलिटी वाढवतो, म्हणजे जाड भिंतीच्या मध्यापर्यंत मार्टेन्साइट पोचतं. आणि टेंपरिंगला विरोध करतो. ऐकायला हे वाईट वाटतं, कारण आपल्याला तर टेंपर करायचंय! पण नीट विचार करा. साधं कार्बन स्टील ठरावीक ताकदीला आणायचं तर ५५० अंशांवरच थांबावं लागेल, जास्त तापवलं तर ताकद हातची जाईल. मॉलिब्डेनमवालं पोलाद त्याच ताकदीवर थांबवायला ६८०-७०० अंशांपर्यंत नेता येतं. म्हणजे तेवढ्याच ताकदीत जास्त टेंपर झालेली, आतले ताण निघून गेलेली रचना. नायोबियम आणि व्हॅनेडियम थोड्या प्रमाणात घालतात ते हेच काम पुढे न्यायला आणि कण बारीक ठेवायला. शिवाय मॉलिब्डेनम फॉस्फरसला कणसीमांवर फार उपद्रव करू देत नाही. फॉस्फरस कणांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि तिथे हायड्रोजन आला की दोघं मिळून सीमाच उकलतात. मात्र मॉलिब्डेनम जास्त झाला की सुईसारखे कार्बाइड तयार होऊन फायदा उलटतो, म्हणून वरची मर्यादा.

खलनायक म्हणायचा तर मँगनीज. तो स्वस्त आहे, ताकद वाढवतो, म्हणून सगळीकडे सढळ हातानं घातला जातो. पण ओतलेलं पोलाद थिजताना तो मध्यभागी गोळा होतो आणि तिथे रोलिंगनंतर कडक पट्टा राहतो. गंधकाशी जमवून तो मँगनीज सल्फाइड बनवतो. हा मऊ असल्यामुळे रोलखाली लाटल्या जाणाऱ्या शेवयांसारखा लांब होतो, आणि त्याच्या टोकांशी हायड्रोजन साचून पोलाद आतून फुगतं, पायऱ्या-पायऱ्यांनी तडकतं. बाहेरून काहीही ताण नसतानाही! पाइपलाइनच्या पत्र्यात हा आजार जास्त. उपाय म्हणून गंधक आणखी खाली आणतात आणि वितळलेल्या पोलादात कॅल्शियम सोडतात. मग शेवयांऐवजी न लाटले जाणारे गोल कण बनतात.

निकेलची गोष्ट जरा वादग्रस्त. एक टक्क्यापेक्षा जास्त निकेल असलेली काही पोलादं बावीसच्या आत असूनही तडकली, म्हणून मानकानं सरसकट एक टक्क्याची रेघ ओढली. एक स्पष्टीकरण असं की निकेलमुळे ऑस्टेनाइट कमी तापमानालाच बनू लागतं. जास्त तापमानाला टेंपर करायला गेलात तर थोडं ऑस्टेनाइट तयार होतं आणि थंड होताना त्याचं ताजं, टेंपर न झालेलं मार्टेन्साइट बनतं. दोष निकेलचा की हीट ट्रीटमेंटचा, यावर मतभेद आहेत. रेघ मात्र कायम आहे.

इथे हमखास कोणीतरी विचारतं, 'मग सरळ स्टेनलेस वापरा ना!' १३ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस विहिरीत वापरतातही, पण कार्बन डायऑक्साइडच्या गोड विहिरीत. तेही मार्टेन्साइटच असतं आणि हायड्रोजन सल्फाइडचा आंशिक दाब १० किलोपास्कलच्या वर त्याला मान्यता नाही. कमी गंजणं आणि न तडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकेलवर आधारलेले मिश्रधातू लाकसारख्या वायूतही टिकतात, पण त्यांची किंमत विचारू नका.

एक कडक ठिपका

समजा, सगळं उत्तम बनवलं. तरी विहिरीवर घोटाळा होऊ शकतो. नळ्या एकमेकींना आट्यांनी जोडताना टाँग नावाचा भला मोठा पाना लावतात, त्याचे दात नळीवर रुततात. रुतलेल्या जागी पोलाद थंड अवस्थेतच चेपलं जातं, कडक होतं आणि खाचही पडते. कडक जागा, खाच आणि ताण, तिन्ही एकत्र. नळीवर पंचानं नंबर ठोकणं, वाकडी नळी थंड असताना सरळ करणं यांच्यावर मानकात बंधनं आहेत ती याचसाठी.

जमिनीवर, म्हणजे विहिरीपासून कारखान्यापर्यंतच्या नळीत, वेल्डिंग येतं. वेल्डशेजारचा पट्टा क्षणात तापतो आणि आजूबाजूचं थंड पोलाद त्याला क्वेंच करतं. लोहाराचं पाणी नाही, पण परिणाम तोच. आणि एवढ्या सगळ्या ज्ञानानंतरही काय होऊ शकतं याचं उदाहरण कझाकस्तानातल्या काशागानचं. कॅस्पियन समुद्राच्या उथळ, हिवाळ्यात गोठणाऱ्या भागातलं हे तेलक्षेत्र, वायूत १५ टक्क्यांच्या वर हायड्रोजन सल्फाइड. सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि दोन आठवड्यांच्या आत किनाऱ्याकडे येणारी नळी गळली. दुरुस्त केली, ऑक्टोबरमध्ये परत गळली. तपासात कारण निघालं सल्फाइडमुळे तडकणं. तेलाची आणि वायूची मिळून सुमारे २०० किलोमीटर नळी बदलावी लागली, नवी नळी आतून निकेल मिश्रधातूचं अस्तर असलेली. उत्पादन परत सुरू झालं २०१६ च्या अखेरीस.

या प्रकारच्या घटनांनंतर आंबट सेवेसाठीच्या पत्र्यात एका गोष्टीवर बरंच काम झालं. रोलिंगनंतर पाण्याच्या फवाऱ्यानं पत्रा थंड करताना काही ठिकाणी वाफेचा थर आधी फुटतो, पाणी थेट लागतं आणि तेवढाच ठिपका जास्त कडक होतो. जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. नेहमीची व्हिकर्स चाचणी पृष्ठभागापासून दीड-दोन मिलिमीटर आत घेतात, तिथे सगळं छान दिसतं. आणि वायू लागतो तो पृष्ठभागाला! सरासरी काठिण्य कितीही चांगलं असो, विहीर किंवा नळी तुटते ती सर्वांत कडक ठिपक्याशी.

पोलाद पास की नापास हे ठरवण्याची चाचणी सरळ आहे आणि निर्दय आहे. पाच टक्के मीठ आणि अर्धा टक्का ॲसेटिक ॲसिडचं पाणी, त्यात हायड्रोजन सल्फाइड सतत सोडायचा, तापमान २४ अंश. नमुन्यावर यील्डच्या ८० टक्के किंवा जास्त ताण लावायचा आणि ७२० तास, म्हणजे पूर्ण ३० दिवस, सोडून द्यायचं. तुटला की नापास. एकोणतिसाव्या दिवशी तुटला तरी नापासच, एटीकेटी नाही.

ही चाचणी कॉलेजात करायचा विचारही करू नका, तो वायू कसा आहे ते वर लिहिलंच आहे. पण अर्धा धडा आपल्या मेटलर्जी लॅबमध्ये बिनधोक मिळतो. बाजारातून ईएन-१९ चा पंचवीस मिलिमीटरचा गोल बार आणा. हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचंच पोलाद, टी-९५ पेक्षा कार्बन थोडा जास्त, इतकंच. त्याचे दोन तुकडे ८५० अंशांवर तापवा. एक तेलात बुडवा आणि नंतर ६५० अंशांवर तासभर टेंपर करा. दुसरा नुसता हवेत थंड होऊ द्या. तेलातला तुकडा टेंपर करायच्या आधी एकदा मोजा, पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे जाईल. शेवटी दोन्ही तुकडे रॉकवेलखाली ठेवा. दोन्ही तिशीच्या आसपास, बरेचसे जवळजवळ येतील, आणि डायलकडे पाहून कुठला कोणता ते सांगणं अवघड जाईल. मग पॉलिश करा (हात काळे होतील, इलाज नाही), नायटल लावा आणि मायक्रोस्कोपच्या ५०० पटीला पाहा. एकात बारीक, एकसारखी, जवळजवळ करडी रचना, दुसऱ्यात खरबरीत बेनाइटचे पट्टे आणि मधूनमधून फेराइटचे पांढरे डाग. दोघांचेही फोटो जर्नलमध्ये शेजारी शेजारी लावा, आणि खाली काठिण्याचे आकडे लिहा.